सम कुठे पडली? ऑनलाइन तासातल्या उशिराचं गणित

एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत, राहणाऱ्या एका मुलाला मी जवळजवळ चार महिने विनाकारण बोलणी खायला लावली. शनिवारी संध्याकाळी आमचा तबल्याचा तास. मी इथे पुण्यात टॅबवर लेहरा, म्हणजे तालाचा फेरा दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून, लावायचो, तो ऐकत त्याने तिकडे तीनतालाचा ठेका धरायचा, आणि पहिल्या आवर्तनापासून माझं सुरू व्हायचं, "अरे, सम गेली. मागे पडतोयस. पुन्हा." सम म्हणजे तालाच्या प्रत्येक फेऱ्याची, आवर्तनाची, पहिली मात्रा. पोरगं अकरा वर्षांचं. मान खाली घालून पुन्हा सुरू करायचं आणि पुन्हा मागेच. शेवटी त्याच्या आईने तासाच्या वेळी त्याच्याशेजारी दुसरा फोन ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि मला पाठवलं. सोबत एकच ओळ होती, "सर, तुम्हीच एकदा ऐका." ऐकलं. लेहऱ्याची सम आणि त्याचा धा एकमेकांवर असे बसले होते की मधून नख जाऊ नये.

मग मला इकडे जे ऐकू येत होतं ते काय होतं?

कागदावर मांडलं तर गणित सोपं आहे. माझ्या टॅबमधून निघालेली सम त्याच्या कानापर्यंत पोचायला साधारण 200 मिलिसेकंद लागत होते, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. ती ऐकताक्षणी त्याने धा वाजवला. तो धा माझ्यापर्यंत यायला आणखी 200. दरम्यान माझा लेहरा माझ्यासाठी थांबलेला नाही, तो पुढे गेलेला आहे. मिनिटाला 120 मात्रांच्या मध्य लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. म्हणजे 400 मिलिसेकंदांत जवळजवळ पाऊण मात्रा हातची गेली. त्याने कितीही चोख वाजवलं तरी मला ते पाऊण मात्रा मागेच ऐकू येणार. त्याच्या जागी एखादा नावाजलेला तबलजी बसवला असता तरी मी त्यालाही "सम गेली" म्हटलं असतं.

हा लेख तबल्यापुरता नाही. झूम, गूगल मीट, जित्सी किंवा दुसऱ्या कुठल्याही खिडकीतून जो कोणी थेट शिकवतो, मग ते गणित असो, इंग्रजी असो की योगासनं, त्याच्या आणि विद्यार्थ्याच्या मध्ये हा उशीर बसलेला असतो. बोलण्यात तो कळत नाही, तबल्यात लगेच उघडा पडतो, एवढाच फरक. म्हणून उदाहरणं तबल्याची घेतो.

आवाज जातो कसा, तिथून सुरुवात करू. मायक्रोफोनने पकडलेला आवाज आधी आकड्यांत बदलला जातो आणि त्याचे छोटे छोटे तुकडे पाडले जातात. साधारण 20 मिलिसेकंदांचा एक तुकडा, म्हणजे सेकंदाला 50. प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकीट म्हणून रवाना होतो. घरच्या वायफायवरून इंटरनेट कंपनीकडे, तिथून मुंबईला, आणि मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जिथे समुद्रातल्या केबल जमिनीवर येतात तिथून पाण्यात. पुढे एक नेहमीचा रस्ता अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र करत फ्रान्सच्या मार्सेय बंदराला लागतो, आणि मग अटलांटिक ओलांडून अमेरिकेत. हे सगळं मिळून अठरा-एकोणीस हजार किलोमीटर भरतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. भागाकार करा: नुसत्या प्रवासाचे 90 ते 95 मिलिसेकंद. यात कोणाची चूक नाही, आळस नाही. हा निसर्गाचा टोलनाका आहे आणि तो चुकवता येत नाही.

इथे एक गैरसमज हमखास असतो. "आम्ही 100 एमबीपीएसचं कनेक्शन घेतलंय, तरी उशीर का?" असं पालक विचारतात. एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी. पुणं-नागपूर रस्ता आठ पदरी केला म्हणून नागपूर जवळ येत नाही. रुंद रस्त्याने खोळंबा टळतो, चित्र स्वच्छ येतं, आवाज तुटत नाही. अंतर तेवढंच राहतं.

उरलेले शंभर-एक मिलिसेकंद कुठे जातात, ते जास्त गमतीचं आहे. लग्नाच्या वऱ्हाडाच्या चार गाड्या एकदम निघतात, पण पोचतात मागेपुढे. कोणी चहाला थांबतं, कोणी रस्ता चुकतं. मग आधी पोचलेले मांडवाच्या दाराशी थांबतात, सगळे जमले की एकत्र आत जातात. पाकिटांचं अगदी तसंच. ती मागेपुढे पोचतात, म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये त्यांच्यासाठी एक छोटी ओसरी असते. तिला जिटर बफर म्हणतात. तिथे पाकिटं थोडी थांबवून, क्रमाने लावून मग वाजवली जातात. नेट जितकं लहरी, तितकी ही ओसरी मोठी आणि तितका उशीर जास्त. ब्लूटूथचे हेडफोन लावले की त्यांचे आणखी 100 ते 200 मिलिसेकंद वर. म्हणून कोथरूडहून हडपसरला तास घेतला तरी उशीर शून्य होत नाही. समुद्र वजा होतो, ओसरी राहते.

आणि एखादं पाकीट पोचलंच नाही तर? ईमेल किंवा पीडीएफ असेल तर संगणक हरवलेला तुकडा पुन्हा मागवून घेतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. थेट बोलण्यात तेवढी सवड नाही. दोन सेकंदांपूर्वीचा तुकडा आता मागवून काय करायचा? तेव्हा गेलेलं पाकीट गेलं म्हणून सोडून देतात आणि आजूबाजूच्या आवाजावरून त्या जागी ठिगळ लावतात. बोलण्यात हे ठिगळ बेमालूम बसतं. "नमस्काऽर" मधला लांब आ शंभर-दोनशे मिलिसेकंद चालतो, त्यातले 20 गेले तर कोणाला कळतंय. पण तबल्याच्या चाटेवरचा "ना" म्हणजे क्षणभराचा टणत्कार. पाकीट हरवलं की अख्खा बोलच गेला. मला इकडे "धा तिट धा" मधला "ति" ऐकू येत नाही आणि मी म्हणतो, "बोट नीट पडत नाहीये."

याहून वाईट अजून आहे. ओसरीत पाकिटं फार साठली की ॲप आवाज किंचित भरभर वाजवून ती संपवतं, कमी पडली की किंचित ओढून वेळ काढतं. सूर बदलत नाही, त्यामुळे बोलणं ऐकताना काहीच जाणवत नाही. पण लय? लय बदलते. म्हणजे मुलगा सरळ वाजवतोय आणि मला त्याची लय मधेच धावल्यासारखी, मधेच रेंगाळल्यासारखी ऐकू येते. हे समजल्यापासून मी ऑनलाइन तासाला लयीबद्दल शेरा मारणं बंद केलंय. लय तपासायची असेल तर मुलाने त्याच्या घरी रेकॉर्ड करून पाठवायचं. तेही व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून, कारण व्हॉइस नोट म्हणून पाठवलं की आवाज पुन्हा आवळला जातो.

आता तबला बाजूला ठेवू आणि साध्या बोलण्याकडे येऊ. माणसं एकमेकांशी बोलताना एकाचं संपलं आणि दुसऱ्याने सुरू केलं यात किती वेळ जातो? 2009 साली जगातल्या वेगवेगळ्या 10 भाषांतल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी अंतर निघालं सुमारे 200 मिलिसेकंद. भाषा बदलली तरी फरक थोडाच. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपण आपलं उत्तर ओठांवर आणून ठेवलेलं असतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने टेलिफोनसाठी एका बाजूच्या उशिराची चांगली मर्यादा 150 मिलिसेकंद ठरवली आहे, ती याच्याशी जुळते. त्याच्या वर गेलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "बोला बोला", "नाही, तुम्ही बोला", आणि मग कोणीच बोलत नाही.

यातली खरी मेख मला 2014 सालच्या एका जर्मन प्रयोगात सापडली. त्यात लोकांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि त्यांच्या नकळत लाइनमध्ये उशीर मिसळला. लोकांनी लाइनला दोष दिला नाही. समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा, कमी मनमोकळा वाटतो असं सांगितलं. हे वाचलं तेव्हा मला एडिसनचं पोरगं आठवलं. उशीर तारेत होता आणि मी तो त्याच्या हातात शोधत होतो. प्रगतिपुस्तकात "वर्गात सहभाग कमी" असा शेरा लिहिणाऱ्या किती शिक्षकांनी प्रत्यक्षात मुलाच्या वायफायला गुण दिले असतील, देव जाणे.

शिक्षकाच्या प्रश्नाचं तर फारच होतं. अमेरिकेतल्या मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची रेकॉर्डिंग तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात, असं त्यांना दिसलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलतात. ही गोष्ट चार भिंतींतल्या वर्गाची. आता ऑनलाइनचा हिशेब करा. प्रश्न पोचायला पाव सेकंद. मुलाला विचार करायला दोन. "मी बोलू की दुसरं कोणी बोलेल" यात एक. म्यूटचं बटण शोधून दाबण्यात आणखी एक. उत्तर परत यायला पाव. साडेचार सेकंद झाले! आणि शिक्षक दीड सेकंदात म्हणतो, "समजलं ना सगळ्यांना? चला, पुढे."

माझी वहिनी दहावीचं गणित ऑनलाइन शिकवते. तिने यावर जी युक्ती काढली आहे ती मला कुठल्याही ॲपपेक्षा भारी वाटते. ती प्रश्न विचारते आणि सांगते, "सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये लिहून ठेवा, पाठवू नका." मग चांगली पाऊण मिनिट गप्प बसते, स्वतःच्या चहाचे घोट घेते. मग, "पाठवा." तीस उत्तरं एकदम पडद्यावर कोसळतात. पहिल्या बाकावरच्या हुशार पोराचं उत्तर बघून बाकीच्यांनी लिहायची सोयच नाही, आणि कोणाचं नेट अर्ध्या सेकंदाने मागे आहे याला काही अर्थ उरत नाही. कोणाचं काय चुकलंय हे तिला एका नजरेत दिसतं. शाळेतल्या वर्गात तीस हात वर झाले तरी तिला एकाचंच उत्तर ऐकता आलं असतं. उशिराशी भांडायचं नाही, उशीर बिनमहत्त्वाचा ठरेल असा तास आखायचा, हे मी तिच्याकडून शिकलो.

उशीर सोडला तर दुसरी अडचण अशी की ही सगळी यंत्रणा बोलणाऱ्या माणसासाठी बनवलेली आहे. मीटिंगसाठी. तिच्या दृष्टीने आवाज दोन प्रकारचे: माणसाचं बोलणं आणि कचरा. पंख्याची घरघर, मिक्सर, कुत्रं, कीबोर्डची टकटक, हा सगळा कचरा, तो गाळून टाकायचा. आता एखाद्या गायनाच्या बाईंनी तानपुरा लावला की ॲपला काय वाटतं? न बदलणारा, एकसारखा आवाज. म्हणजे पंखा! चार-पाच सेकंदांत तो तानपुरा हळूहळू पुसून टाकतं. बाई इकडे सुरात आहेत, तिकडे शिष्येला नुसता कोरडा आवाज ऐकू येतोय. तबल्याची तऱ्हा उलटी. तो कीबोर्डच्या टकटकीसारखा, म्हणून त्याचे बोल मधूनमधून गिळले जातात.

आणखी एक गाळणी प्रतिध्वनीची. माझा आवाज तुमच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तुमच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि मला परत ऐकू येतो. ते टाळायला ॲप सतत वजाबाकी करत असतं: मायक्रोफोनमध्ये आलेल्यातून स्पीकरवर वाजलेलं वजा. दोघं एकदम बोलले की ही वजाबाकी गोंधळते आणि एकाचा आवाज दाबला जातो. म्हणून ऑनलाइन वर्गात "सगळ्यांनी मिळून म्हणा" हे होत नाही. पाढे नाहीत, पसायदान नाही, टाळ्यांवर ठेका धरणं तर मुळीच नाही. करून पाहायचं असेल तर वीस मुलांना एकदम पसायदान म्हणायला सांगा. "आता विश्वात्मकें देवें"च्या पुढे कोण कुठे आहे हे ज्ञानेश्वरांनाही सांगता येणार नाही.

यावर तोडगा आहे. सगळ्यांनी म्यूट व्हायचं, एकट्या शिक्षकाने म्हणायचं आणि प्रत्येक मुलाने आपापल्या घरी त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणायचं. प्रत्येकाला दोनच आवाज ऐकू येतात, सरांचा आणि स्वतःचा, आणि ते दोन जुळतात. शिक्षकाला मात्र काहीच ऐकू येत नाही. तीस चौकोनांत तीस तोंडं हलताना दिसतात, शांतता. पहिल्या वेळी फार विचित्र वाटतं.

झूममध्ये संगीतासाठी "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" नावाची सोय आहे. ती चालू केली की या गाळण्या बंद करता येतात. सुरुवातीला ती सेटिंगमध्ये जाऊन शोधावी लागते आणि ती दोन्हीकडे चालू हवी. पण गाळणी काढली की प्रतिध्वनी मोकाट सुटतो, म्हणून हेडफोन हवेतच, आणि तेही वायरचे. ब्लूटूथच्या हेडसेटचा मायक्रोफोन चालू झाला की बहुतेकदा ऐकण्याचा दर्जाही जुन्या टेलिफोनसारखा होतो. दीडशे-दोनशे रुपयांचे वायरवाले इअरफोन इथे महागड्या बिनवायरवाल्यांना हरवतात. पालकांना हे पटवताना माझी दमछाक होते.

हेडफोनचं आणखी एक कारण आहे, आणि तबला शिकवणाऱ्याने हे कधीही विसरू नये. धा म्हणजे काय? उजव्या हाताचा ना आणि डाव्या हाताचा, डग्ग्यावरचा, गे. दोन्ही एकदम. डग्ग्याचा घुमारा फार खालच्या पट्टीत असतो आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ती पट्टी काढताच येत नाही. तो वरचं तेवढं ऐकवतो. परिणाम काय? फोनच्या स्पीकरवर धा आणि ता सारखेच ऐकू येतात! तीनतालाच्या तिसऱ्या विभागात पहिल्या धा नंतर डग्गा गप्प होतो, "धा तिं तिं ता", तीच तर खाली. भरीच्या धिं मध्ये आणि खालीच्या तिं मध्ये फरकच ऐकू येत नसेल तर मुलाने आवर्तन कशाच्या आधारावर ओळखायचं? नवीन मुलं दोन-दोन महिने खाली चुकतात आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

मग शिकवायचं तरी काय आणि कसं? माझ्यापुरती घडी आता बसली आहे. लेहरा माझ्याकडे वाजत नाही. ज्याला ताल धरायचा आहे त्याच्या घरी लेहरा वाजला पाहिजे. लेहऱ्याचं ॲप मुलाच्या टॅबवर, त्याच्या शेजारी. तो त्याच्याबरोबर वाजवतो, आणि मला लेहरा आणि तबला दोन्ही एकाच पाकिटात बांधून एकत्र येतात. येतात उशिराच, पण एकमेकांना धरून. आता सम चुकली तर ती खरोखर चुकलेली असते. मला मात्र मधे बोलायची मुभा नाही. मी "शाबास" म्हटलं तर ते त्याच्यापर्यंत जवळजवळ पाऊण मात्रा पुढे गेल्यावर पोचतं. वाजवणं थांबल्यावरच बोलायचं. खरं तर समोरासमोरही हेच करायला हवं होतं.

दुसरं, पढंत. म्हणजे वाजवायच्या आधी बोल तोंडाने, हातावर टाळी-खाली धरत म्हणायचे. ही यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी बनलेली आहे ना? मग तिला माणसाचा आवाजच द्या. हाताने वाजवलेला "धातिट धातिट धाधा तिट" जिथे चुरगळून पोचतो तिथे तोंडाने म्हटलेला स्वच्छ पोचतो, धा आणि ता वेगळे ऐकू येतात. समोर बसलेल्या मुलांशी मी पढंतीचा कंटाळा करायचो, थेट हातावर घ्यायचो. आता तासाचा निम्मा वेळ पढंतीचा असतो आणि वाजवून दाखवायचं ते आधी रेकॉर्ड करून पाठवलेलं असतं. एकत्र असण्याचे फुकटच्या झूमवरचे 40 मिनिटं मी नुसतं वाजवून दाखवण्यात कशाला घालवू? त्या वेळात त्याचं ऐकायचं, त्याचा हात बघायचा.

हात बघायला कॅमेरा नीट हवा. चेहऱ्यासमोर नको, तबल्याच्या वर, तिरका. दिवा मुलाच्या समोरून. खिडकी पाठीमागे असली की कॅमेऱ्याला हात म्हणजे काळी सावली, आणि अंधारात तो सेकंदाला चित्रंही कमी घेतो, मग द्रुत लयीत बोटांचा नुसता धूर दिसतो. स्वतःचं चित्र स्वतःला लपवून ठेवायला सांगतो. स्वतःचा चौकोन आरशासारखा उलटा दिसतो, मुलं त्यात डावं-उजवं घोटाळतात. शिवाय सतत स्वतःला पाहणं थकवतं. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली त्यात हे एक आहे. उरलेली तीन म्हणजे फार जवळून रोखलेल्या नजरा, एका जागी जखडून बसणं आणि हावभाव कळवायला-ओळखायला पडणारे जादा कष्ट.

माणसं वाढली की वेगळा प्रश्न. दहा जणांच्या वर्गात प्रत्येकाने इतर नऊ जणांना आपलं चित्र थेट पाठवायचं म्हटलं तर घरचं अपलोड कोलमडेल. म्हणून मध्ये एक सर्व्हर बसलेला असतो, टपाल कचेरीसारखा. प्रत्येकजण त्याला एकच प्रत देतो, तो बाकीच्यांना वाटतो, आणि ज्याचं नेट कमजोर त्याला हलकी प्रत देतो. त्यामुळे शिक्षकाचं अपलोड सगळ्यात महत्त्वाचं. विद्यार्थ्यांचं अडखळलं तर एकाचं बिघडतं, शिक्षकाचं अडखळलं तर सगळ्यांचं. डेटाचा हिशेबही बघून ठेवा. नुसता आवाज सेकंदाला 80 किलोबिटांनी गेला तर तासाला साधारण 36 एमबी. चित्र 1 मेगाबिटाने गेलं तर 450 एमबी, तेही एका बाजूचं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तीन-चार तास करणाऱ्या मुलाला "कॅमेरा चालूच ठेव" म्हणून दटावण्याआधी हा भागाकार करावा.

हे सगळं 2020 च्या टाळेबंदीने आणलं असं आपल्याला वाटतं, पण उशिराशी भारतातल्या शिक्षकांची ओळख जुनी आहे. 20 सप्टेंबर 2004 ला इस्रोने शिक्षणासाठीच एज्युसॅट हा उपग्रह सोडला. तो जमिनीपासून जवळजवळ 36 हजार किलोमीटरवर होता. शिक्षकाचा आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, विद्यार्थ्याचा प्रश्न परत यायला आणखी पाव. समुद्राखालच्या केबलची कितीही तक्रार केली तरी ती आकाशापेक्षा जवळ आहे. पुढे आयआयटी मुंबईने डॉ. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने हजारो प्राध्यापकांना एकाच वेळी प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम चालवला. त्यात पवईहून थेट प्रक्षेपण आणि देशभरातल्या महाविद्यालयांत ऐकणारे गट, अशी मांडणी होती. मला त्यातली ही मांडणी मोलाची वाटते. प्रत्येक केंद्रात माणसं एकत्र बसलेली, शेजाऱ्याला विचारता येतं, फक्त अवघड प्रश्न तेवढा पवईला. उशीर लागतो तो एका प्रश्नाला. आपण मात्र तीस मुलांना तीस खोल्यांत कोंडून सगळे प्रश्न त्याच एका तारेवर टाकतो.

"मग पुणं आणि एडिसन एकत्र वाजवूच शकत नाहीत का?" असं त्याच्या आईने विचारलं होतं. नाही. स्टॅनफर्डच्या ख्रिस चेफ यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, मध्ये उशीर घालून टाळ्या वाजवायला लावल्या. उशीर वाढला की लय आपोआप पडत जाते. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतो, दुसरा आणखी वाट बघतो, आणि दोघं मिळून खाली घसरत जातात. वादकांना एकत्र वाजवायला 25-30 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कसाबसा चालतो. हवेतून आवाज तेवढ्या वेळात दहा मीटर जातो, म्हणजे मोठ्या रंगमंचाच्या एका टोकाला तबला आणि दुसऱ्या टोकाला सतार. चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॅकट्रिप नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. ते आवाज न आवळता, ओसरी अगदी छोटी ठेवून पाठवतं. वायरचं चांगलं नेट असेल तर त्यावर पुणं-नाशिक जुगलबंदी जमावी. एडिसनचा नुसता समुद्रप्रवासच 90 च्या वर, तिथे सॉफ्टवेअर काय करणार?

अमेरिकेतल्या मुलांचे तास घेणाऱ्यांसाठी जाता जाता एक सूचना. तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातं, आपलं जात नाही. आमचा संध्याकाळी साडेसातचा तास उन्हाळ्यात त्याच्या सकाळी दहाला आणि हिवाळ्यात नऊला पडतो. दर मार्चमध्ये एक शनिवार मी एकटाच पडद्यासमोर बसतो. तो उशीर अख्ख्या तासाचा, आणि त्याचं खापर मात्र केबलवर फोडता येत नाही.

गेल्या सुट्टीत ते पोरगं पुण्याला आलं. पहिल्यांदाच समोर बसलं. हात सुरेख, बोल स्वच्छ, लेहऱ्यावर सम चोख. मग मी म्हटलं, आता सवाल-जवाब करू. एक आवर्तन मी, लगेच पुढचं तू. मी समेवर थांबलो. तो गप्प. अर्धी मात्रा गेली, मग त्याने उचललं. पुन्हा मी, पुन्हा तीच अर्धी मात्रा. दोन वर्षं त्याला माझं वाजवणं संपलं की क्षणभर थांबायची सवय लागली होती, माझा शेवटचा धा पोचेपर्यंत. "अरे, मी इथेच आहे," मी म्हटलं. तो हसला, आणि पुढच्या वेळी त्याने उचललं ते माझं संपायच्या आधीच.